मागच्या दाराने येणारा माणूस

“बाई, मागच्या दारात एक बुढा उभा हाये. भीक नाई मागून राह्यला. मोरी पाहून राह्यला.”

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या पार्वताबाई आईला हे सांगत होत्या, तेव्हा मी आतल्या खोलीत होते. आई म्हणाली, “पुढच्या दाराने या म्हणावं.”

“म्हटलं ना. तं म्हणते, पुढचं मंग पाहीन. पुढचं सगळ्याइचं सारखंच असते म्हणते.”

मी खिडकी किंचित ढकलून पाहिलं. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या संडासांच्या मधून जाणाऱ्या त्या चिंचोळ्या गल्लीत, धोतरावर लांब कोट घातलेला एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. चांद्याचं मे महिन्याचं ऊन डोक्यावर असूनही त्याची छत्री मिटलेली होती. ती छत्री तो आमच्या भिंतीपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत आडवी धरू पाहत होता. ती बसेना. शेवटी त्याने ती तिरपी केली आणि मान हलवली, जणू आमच्याविषयी जे ऐकलं होतं ते खरंच निघालं. मग आईकडे वळून म्हणाला, “घर चांगलं हाये बाई. पाठ तेवढी सडली हाये.”

आई दार लावून घेत होती, तोवर तो वळसा घालून पुढे आला आणि वडिलांसमोर खुर्चीवर बसला. वडील जंगल खात्यात होते. त्या वर्षी खात्याने लाकडांचं एक प्रदर्शन भरवलं होतं आणि साग, बीजा, ऐन, तेंदू अशा तुकड्यांवर इंग्रजी अक्षरांत नावं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हातारा ते पाहून आला होता.

“ज्यानं थे नावं लिहिले तो माणूस पाह्यजे मले,” तो म्हणाला.

“ती माझी मुलगी आहे.”

“माणूसच म्हटलं ना मी. नकाशे गिरवायले पाह्यजे.”

मी तेव्हा नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून परतले होते आणि माझं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच कळत नव्हतं. मलाही नाही. बोलायची वेळ आली की घशात एक नीटनेटकं इंग्रजी वाक्य तयार व्हायचं आणि तिथेच राहायचं. मराठी वाक्य तर तयारही होत नसे. अशा मुलीला नकाशे गिरवायचं काम बरं, कागद काही विचारत नाहीत, असं वडिलांना वाटलं असावं. त्यांनी हो म्हटलं.

अशी मी एका कोळसा कंपनीच्या बांधकाम कचेरीत ट्रेसर म्हणून लागले. कचेरी जटपुरा दरवाजाच्या बाहेर होती. माजरीच्या बाजूला नवी खाण उघडायची होती आणि खाणीआधी तिथली वसाहत कागदावर उभी राहत होती. म्हातारा तिथला हेड ड्राफ्ट्समन. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मागे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

मास्तर कोणत्याही घरात आधी मागून शिरत. लग्नाचं आमंत्रण असो, सत्यनारायण असो, ते घराला वळसा घालून मागची गल्ली, मोरी, संडास, शेणाचा ढीग पाहून येत आणि मगच पुढच्या दारात येऊन पाय धूत. यजमानांना हे अपमानाचं वाटे. एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाला ते असेच बंगल्यामागून उगवले आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाले, “साहेब, केक मस्त हाये. पण तुमच्या न्हाणीचं पाणी माळ्याच्या चुलीत जाऊन राह्यलं.” दुसऱ्या दिवशी साहेबांनी नाली वळवली. मास्तरांना मात्र त्या घरी पुन्हा बोलावलं नाही.

त्यांची जात काय, हे कचेरीला कधी कळलं नाही. सिरोंच्याकडून आले होते, रागावले की तेलुगूत शिव्या देत, एवढंच माहीत. कुणी आडून विचारलं तर ते उलट विचारत, “तुमची कोणती?” समोरच्याने सांगितली की म्हणत, “मंग माझी तिच्या खालची.” प्रत्येकाला हेच उत्तर. त्यामुळे कचेरीत प्रत्येकाकडे मास्तरांची एक वेगळी जात होती आणि पाणी देताना शिपायाची पंचाईत व्हायची. शेवटी मास्तरांनी स्वतःचा लोटा आणला आणि तो सर्वांच्या माठात ठेवून दिला. आत. मडक्याच्या आत. कारकून दोन दिवस तहानलेले राहिले आणि मग प्यायला लागले. चांद्याच्या उन्हापुढे कोण किती टिकणार.

ते प्रेमळ वगैरे नव्हते. शाईचा थेंब सांडला तर नकाशा टराटरा फाडत. मला कधी नावाने हाक मारली नाही. “काहो कॉन्व्हेंट,” म्हणत. “काहो कॉन्व्हेंट, हे एस हाये का गांडूळ?” माझं अक्षर त्यांना आवडत होतं म्हणून ते मला शोधत आले, हे माझ्या तोंडावर त्यांनी कधीच कबूल केलं नाही. खिशातले फुटाणे खात, पेन्सिलीला इतकं टोक काढत की ती लिहिताना मोडे, आणि मोडली की पेन्सिल बनवणाऱ्या देशाला दोष देत.

त्यांची कामाची पद्धत तर फारच विचित्र होती. नकाशा पूर्ण झाला की कचेरीमागच्या अंगणात ते चुन्याची फक्की घेऊन उतरत आणि कागदावरची खोली जमिनीवर खऱ्या मापाने आखत. भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी मोकळी जागा. मग ज्याने नकाशा काढला त्याला त्या घरात राहायला लावत. “चूल पेटव. आता सासरा आला, उठ. कुठी जाशीन?” ड्राफ्ट्समन बिचारा चुन्याच्या रेघांमध्ये काल्पनिक पदर सावरत उभा राही आणि बाकीचे खिडकीतून हसत. पण त्या हसण्यातही पुष्कळ भिंती सरकल्या. एका स्वयंपाकघराचं दार असंच सरकलं, कारण “सून” झालेल्या जाड कारकुनाला सासऱ्याला ओलांडल्याशिवाय बाहेरच येता येईना.

“नकाशा म्हणजे हुकूम असते,” मास्तर म्हणत. “फक्त आवाज करत नाई. म्हणून लोकं मुकाट्यानं ऐकतात.”

मी रुजू झाले तेव्हा साहेबांनी माझ्यासाठी खास व्यवस्था केली होती. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. पुरुषांच्या कचेरीत एकटी मुलगी, तिला अवघडायला नको, म्हणून त्यांनी माझ्या टेबलाभोवती सागाच्या फळ्यांचा आडोसा करवून घेतला आणि येण्याजाण्यासाठी मागचं दार दिलं. त्या दाराने मी रोज येत होते. कोळशाची कोठी, मग संडास, मग माझं टेबल. मला ते आवडलंही होतं. आडोशामागे मला कुणी पाहत नसे आणि सगळं ऐकू येई.

तिथेच मला सोनाबाई भेटली. कचेरीचे आणि त्या रांगेतल्या घरांचे टोपलीचे संडास ती साफ करत असे. आमच्या घराकडेही तीच यायची, वर्षभर. मला फक्त संडासाखालच्या पत्र्याचा आवाज ओळखीचा होता. एका सकाळी मी आणि मास्तर एकाच वेळी मागच्या गल्लीत होतो आणि समोरून डोक्यावर टोपली घेतलेली ती आली. तिघांना तिथे जागा नव्हती. दोघांनाही नव्हती.

“सरक ना बुढ्या,” ती म्हणाली. “माझ्याच वाटेनं येतं अन् माझीच वाट अडवतं. तुले पुढचं दार नाई का?”

“हाये.”

“मंग जा ना तिकडून! मले असतं तं मी इकडे कायले मरायले आली असती?”

मास्तर मागे सरकत सरकत थेट रस्त्यापर्यंत गेले. मीही गेले. ती आमच्यासमोरून निघून गेली आणि जाताना माझ्याकडे बघून हसली. “तुमालेही इकडूनच का बाई?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी माझ्या एका एसलासुद्धा त्यांनी नाव ठेवलं नाही.

वसाहतीच्या नकाशावरून खरी लढाई झाली ती पावसाळ्यानंतर. कंपनीचा आराखडा असा होता की पुढे बंगले, मध्ये कारकुनांच्या ओळी, मागे मजुरांच्या, आणि नाल्याच्या पलीकडे, वारा जिकडे जातो तिकडे, सफाईवाल्यांच्या झोपड्या. त्यांचा नळ वेगळा. आणि सगळ्या घरांच्या मागून फिरणारी एक अरुंद गल्ली, टोपलीच्या संडासांसाठी, तिला दार आणि दाराला बाहेरून कडी.

मास्तरांनी गल्ली काढायला नकार दिला. आडोशामागून मी शब्द न् शब्द ऐकला.

“मास्तर, आता अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला आहे,” साहेब शांतपणे म्हणाले. “या नकाशात कुठे जात लिहिली आहे, दाखवा.”

कागदावर बोट टेकल्याचा आवाज आला. “इथी.”

“ही गल्ली आहे.”

“तुम्ही चालसान का हिच्यातून?”

“मला तिथे काम काय?”

“तेच म्हणून राह्यलो मी.”

मग मास्तरांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून आधी कधी ऐकलं नव्हतं. तरुणपणी दुसऱ्या एका खाणीच्या चाळी त्यांनी काढल्या होत्या. मोठ्या झोकात काढल्या. दोन ओळींच्या पाठींमध्ये थोडी जागा उरली, तिथे त्यांनी दोन रेघा ओढून गल्ली लिहून टाकलं. पुढे एका श्रावणात ते तिथे पाहायला गेले, तर एक बाई पाठमोरी, उलटी चालत गल्लीतून बाहेर येत होती. डोक्यावर टोपली, वरून पाऊस. त्यांना वाटलं, तिचा काही नवस असेल. जवळ गेल्यावर कळलं की आत वळायला जागा नाही. ती रोज तशीच येत होती.

“उरलेल्या जागेत म्या माणूस बसवला साहेब,” मास्तर म्हणाले. “थे बाई माझ्या दोन रेघाइत अडकली होती. आता नाई काढत.”

त्यांना मैल्याच्या टाक्या हव्या होत्या. जमिनीखाली, प्रत्येक ओळीला एक, म्हणजे टोपलीच नको, गल्लीच नको. साहेब म्हणाले, खर्च परवडत नाही, आणि माणसं असताना टाक्या कशाला.

त्यानंतर आठवडाभर मास्तर टेबलावर वाकून होते. मग एक नवा नकाशा त्यांनी माझ्या टेबलावर पसरला आणि म्हणाले, “नावं लिहा कॉन्व्हेंट. मोठ्या अक्षरात.” मी पाहिलं आणि माझा हात थांबला. वसाहत तीच होती. फक्त सगळे संडास पुढे आले होते. कारकुनांच्या ओळीत ओट्याला लागून. मजुरांच्या ओळीत तुळशीच्या शेजारी. आणि साहेबांच्या बंगल्यात, पोर्चच्या उजव्या हाताला, जिथे मोटार थांबते आणि पाहुणे उतरतात, तिथे माझ्या सर्वांत सुंदर अक्षरांत लिहायचं होतं: डब्ल्यू. सी.

मी लिहिलं. हसू दाबता दाबता लिहिलं.

साहेब हसले नाहीत. “ही थट्टा आहे का?”

“नाई. लपवता येते म्हणून चालून राह्यलं हे सगळं. लपवू नका. रोज सकाळी चहा पिता पिता पाहा, कोण येते, काय उचलते, डोक्यावर कसं घेते. पंधरा दिवसात तुम्हीच टाकी खणायले कुदळ घेसान.”

मास्तरांनी भिंतीवर लावलेला तो कागद साहेबांनी काढून घेतला. पण त्याआधी मास्तरांनी अंगणात फक्की मारली होतीच, बंगल्याचा पोर्च आणि त्याच्या कुशीत संडास. लोक पाहायला येऊ लागले. सोनाबाईसुद्धा आली. कमरेवर हात ठेवून तिने तो पांढरा बंगला पाहिला.

“म्हणजे मी इथून येणार? साहेबाच्या पुढून?”

“हो.”

“अन् साहेबाचे पाव्हणे नाक दाबून मले शिव्या देतीन. तुले नाई देणार बुढ्या, मले देतीन.”

मास्तरांनी चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरोबर हाये तुझं. हे धमकी हाये. मागणं टाकीचंच हाये.”

“मंग टाकीच मांग ना सरळ.”

“सरळ मांगितली. ऐकू नाई गेलं त्याइले.”

सोनाबाई हसली. जाताना पोर्चमधून गेली. रेघेवर पाय न देता, दाराच्या मोकळ्या जागेतून, अगदी पाहुणीसारखी.

त्या महिन्याच्या अखेरीस मास्तरांना कामावरून कमी केल्याचा निरोप मिळाला. त्यांनी भांडण केलं नाही, निदान तोंडाने तरी. टेबल आवरलं, फुटाण्यांची पुडी खिशात टाकली आणि कुठूनसा एक पेचकस घेऊन माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या आडोशाचे स्क्रू काढायला सुरुवात केली. शिपाई धावत आला. “अरे मास्तर, काय करून राह्यले? थे कंपनीचं लाकूड हाये!”

“कंपनीलेच देऊन राह्यलो ना.”

एकेक फळी निघत गेली. सगळी कचेरी मला दिसू लागली आणि मी कचेरीला. माझी मान खाली गेली. फळ्या भिंतीला टेकवून मास्तरांनी हात झटकले. “एवढं तरी पाडून जातो,” ते म्हणाले, आणि त्या कचेरीतल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पुढच्या दाराने बाहेर पडले. छत्री मिटलेलीच. पुढे ते कुठे गेले ते मला ठाऊक नाही. कुणी सिरोंचा म्हणतं, कुणी गोदावरीपलीकडे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्यासमोर गल्लीचा नकाशा ठेवला. नव्या ड्राफ्ट्समनने तो पेन्सिलीने काढला होता. “मिस, नागपूरहून डायरेक्टर येत आहेत. हे तुमच्याच अक्षरात हवं. त्यांना तुमचं अक्षर फार आवडतं.” आडोसा पुन्हा लावायचा का, असंही त्यांनी सौजन्याने विचारलं. मी मान हलवली. तिचा अर्थ त्यांनी काय घेतला कोण जाणे, पण सुतार आला नाही.

त्या संध्याकाळी मागच्या दाराने निघाले तर सोनाबाई गल्लीच्या तोंडाशी टोपली घासत होती.

“बुढा गेला म्हणे?”

“हो.”

“चला, गल्ली मोकळी झाली.” ती थोडा वेळ घासत राहिली. “अन् माझ्या टाकीचं काय झालं बाई?”

माझी टाकी, असं ती म्हणाली. मी घरी गेले, पण जेवताना, झोपताना तेच कानात. नकाशा कोणी काढला हे नंतर कुणी विचारणार नव्हतं. पण खाली कोपऱ्यात ट्रेसरची आद्याक्षरं लिहितात, आणि ती माझी असणार होती.

मी पेन्सिलीच्या नकाशावर ट्रेसिंगचं पारदर्शक कापड लावलं आणि काम केलं. बंगले गिरवले, कारकुनांच्या ओळी, मजुरांच्या ओळी. गल्लीपाशी आले तेव्हा पेन उचललं आणि पेन्सिलीचा नकाशा खालून काढून टाकला. मास्तरांचा नकाशा मला पाठ होता. मीच तर त्यावर नावं घातली होती. सोनाबाईच्या वस्तीची ओळ नाल्याच्या अलीकडे आणली, मजुरांच्या शेजारी, एकाच नळावर. ओळीओळीखाली टाक्या काढल्या. आणि टाक्या नकोच असतील तर, म्हणून, तुटक रेघेने सगळे संडास पुढे.

त्या वसाहतीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. बंगल्यांना टाक्या झाल्या, कारकुनांनाही झाल्या. मजुरांच्या ओळींवरून अजून कागद फिरताहेत. सोनाबाईच्या वस्तीने नळासाठी कचेरीसमोर बसकण मारली आणि नळ मिळवला. गल्ली मात्र कुठेच बांधली गेली नाही. माझी नोकरी गेली. आता मी नागपूरला दुसऱ्या एका कचेरीत असते. तिथे मला आडोसा देऊ केला तेव्हा मी नको म्हटलं, आणि तेही एका दमात.

पण डायरेक्टर यायचे त्या सकाळी यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन मी नेहमीसारखी मागच्या गल्लीकडे वळले, आणि थांबले. मग वळसा घालून पुढे आले. शिपाई स्टुलावरून उठला. “बाई, इकडून?” मी त्याला ओलांडून आत गेले. सगळ्या माना वर झाल्या. साहेबांच्या टेबलापाशी डायरेक्टर उभे होते, पांढरे केस, हातात सिगारेट.

नकाशा पसरला गेला. डायरेक्टरांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मग त्यांची सिगारेट बंगल्याच्या पोर्चवर येऊन थांबली.

“हे इथे काय?”

साहेबांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “चूक झाली सर. मुलगी नवी आहे. मिस, गल्ली कुठे आहे?”

सगळी कचेरी माझ्याकडे पाहत होती, आणि मध्ये एकही फळी नव्हती. घशात एक इंग्रजी वाक्य नीट तयार झालं आणि नेहमीप्रमाणे तिथेच बसलं. मी टाक्यांवर बोट ठेवलं.

“टाक्या नाही परवडत,” डायरेक्टर म्हणाले. रागाने नाही, समजावल्यासारखे. “आणि तुम्ही गल्लीही ठेवली नाही. मग ती सफाईवाली बाई येणार कुठून?”

“पुढच्या दाराने साहेब,” मी म्हटलं. “मी आत्ता आले तशी.”